जयमालाचा हात

तिसरा डोळाही पात्यावरून निसटून मातीत पडला, तेव्हा जयमालाने आधी मान वळवून मागे पाहिलं. भागवतभाऊ दोन वाफे पलीकडे पाठमोरे उभे होते. तिने पायाच्या अंगठ्याने त्या डोळ्यावर माती लोटली आणि काडीवरून दुसरा उचलायला घेतला. शेजारी बसून पट्टी बांधणाऱ्या संजीवनीने ते पाहिलं.  ती सरकून जयमाला आणि भागवतभाऊ यांच्या मध्ये बसली.

उंद्रीहून चिखलीकडे जाताना रस्त्याला लागून रामरावांची नर्सरी आहे. संत्र्याची आणि मोसंबीची कलमं तिथून पार लोणार-मेहकरपर्यंत जातात. कलमाचं काम थंडीतलं. संत्र्याच्या फांदीवर पानाच्या बगलेत जो बारीक कोंब दडलेला असतो त्याला डोळा म्हणतात. तो सालीसकट अलगद उचलायचा, जंबेरी लिंबाच्या रोपाच्या खोडाला चीर देऊन साल उकलायची, त्या फटीत तो बसवायचा आणि वरून पट्टी आवळायची. या कामाला डोळे भरणं म्हणतात. डोळ्याची आतली बाजू पात्याने खरवडली गेली की डोळा मेला. चीर जरा खोल गेली की रोप गेलं. सगळा खेळ हाताचा.

आणि जयमालाचा हात त्या भागात नावाजलेला होता.

ही गोष्ट तिला कोणी हातात आणून दिलेली नव्हती. ती नर्सरीत आली तेव्हा बायांनी पिशव्यांमध्ये माती भरायची, पाणी द्यायचं, निंदण करायचं, एवढंच असे. पातं पुरुषांच्या हातात. जयमाला भागवतभाऊंच्या मागे ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या घेऊन चालायची. भागवतभाऊ हे नर्सरीचे जुने कारागीर, मुकादमही तेच. शिकवायचं त्यांच्या मनात नव्हतं, पण पाहणाऱ्याचे डोळे कसे बांधणार? जयमाला घरी जाऊन परसातल्या लिंबाच्या फांद्यांवर तेच करून पाही. घरातल्या विळीवर चुली­शेजारी बसूनही तिच्या बोटांचा सराव चाललेला असे, वांग्याची साल न फाटता उचलण्याचा. एका हंगामात बाहेरगावचे दोन कारागीर आलेच नाहीत. तिने रामरावांकडे एक रांग मागितली. भागवतभाऊंनी तिला मागच्या बाजूची, सावलीत खुरटलेली रांग दिली. पट्ट्या सोडायच्या दिवशी त्या रांगेतले डोळे हिरवेगार निघाले. भागवतभाऊंनी ती रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत पाहिली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी नवं पातं आणलं. शाबासकी म्हणून एवढंच.

पुढे तिने संजीवनीला शिकवलं, आणखी काही बायांना शिकवलं. आता हंगामात बायांच्या स्वतंत्र रांगा असत. गावात कोणी विचारलं तर जयमालाचा नवरा गोपाल सांगे की आमच्या घरी दोन एकर भाजीपाला आणि एक कारागीर आहे.

तिला दमा होता हे मात्र गोपालखेरीज फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. तो जुना होता. थंडी पडली, तुरीचं भुसकट उडालं, की छातीत शिट्टी वाजायला लागे. कधीकाळी एका डॉक्टरने तिला गोळ्या लिहून दिल्या होत्या. ते डॉक्टर गाव सोडून गेले, गोळ्या राहिल्या. रिकामी पट्टी दुकानात दाखवायची आणि नवी आणायची, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. गोळी घेतली की छाती मोकळी व्हायची, काम चालायचं. तोंडाने औषध ओढायच्या पंपाचा विषय एकदा निघाला होता. तेव्हा जाऊबाई म्हणाल्या होत्या की एकदा पंप लागला की माणूस मसणापर्यंत त्याच्याच आधाराने जातो. जयमालालाही ते पटलं. पंप म्हणजे शेवटची पायरी, आपण अजून तिथे नाही.

यंदाची थंडी वाईट होती. सकाळी वाफ्यांवर दहिवर साचलेलं, आणि शेजारच्या वावरात तुरी सोंगायचं काम सुरू. जयमालाची एक गोळी पुरेना. ती दोन घेऊ लागली, मग सकाळ-दुपार-संध्याकाळ दोन. छाती मोकळी राही, पण रात्री झोप येईना, पोटऱ्यांत गोळे येत, आणि उशीवर डोकं टेकलं की स्वतःच्या काळजाचे ठोके कानात ऐकू येत. मग एक दिवस चहाची कपबशी वाजली. आधी तिला वाटलं, बशी तडकली असेल. ती खाली ठेवून तिने हात पाहिला. बोटं थरथरत होती. बारीक, पाण्यावर वारा फिरावा तशी.

तिच्या आज्याला कंपवात झाला होता. माहेरी ओसरीवर बसलेल्या त्या म्हाताऱ्याला शेवटी घासही कोणीतरी भरवावा लागे. जयमालाच्या मनात दुसरं काही आलंच नाही. हे आज्याचं आपल्याकडे आलं, असं तिने धरून टाकलं आणि गोपाललाही सांगितलं नाही. कामावर धाप लागली तर सगळ्यांचं लक्ष जाईल आणि मग हातही दिसेल, म्हणून ती घरून निघताना गोळी न चुकता घेई. हात जास्त कापला की धीर सुटे, धीर सुटला की छाती दाटे, छाती दाटली की आणखी एक गोळी.

मातीत लोटलेले डोळे भागवतभाऊंना दिसले नाहीत, पण रांग दिसली. चिरांच्या कडा फाटलेल्या होत्या. दुपारच्या भाकरीनंतर ते तिच्यापाशी आले आणि उकिडवे बसले.

"जयमाला, हात पुढं कर."

तिने केला. दोघंही त्या हाताकडे पाहत राहिले.

"हे कवापासून हाय?"

"थंडीनं हाय, भाऊ."

"थंडी मले बी हाय," भागवतभाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर तिला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी रामरावांनी तिला शेडमध्ये बोलावलं. रामराव माणूस वाईट नव्हते. त्यांनी घरचं विचारलं, शेतातली पत्ताकोबी कशी आहे ते विचारलं, आणि मग सांगितलं की यंदा तिने पातं ठेवून द्यावं, पट्टी बांधावी. लोक रोप नेतात ते पाच-सहा वर्षं वाट पाहायच्या बोलीवर, तिथे चूक चालत नाही. जयमालाला ते खरंच वाटलं. तिने मान हलवली. जाता जाता तिने विचारलं, "आन् बाकीच्या बाया?"

रामरावांनी भागवतभाऊंकडे पाहिलं. भागवतभाऊंनी जमिनीकडे.

"त्यायलेबी यंदा पट्टीवरच राहू दे," रामराव म्हणाले. "तुह्याच हातानं शिकल्या ना त्या."

हे मात्र तिला लागलं. आपला हात गेला तर गेला, देवाने दिला होता, देवाने नेला. पण संजीवनीचा हात तर धड होता. बाकीच्यांचेही धड होते. एका बाईचा हात कापला म्हणून साऱ्या बायांचं पातं काढून घेतलं जात होतं. भागवतभाऊंखेरीज बाकीच्या कारागिरांपैकी कोणाचा ना कोणाचा हात कधी बिघडला होताच, एकाचा तर दारूने बिघडला होता. तेव्हा कोणी म्हणालं नव्हतं की आता पुरुषांनी पट्टी बांधावी. हे सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. पण बोलायला श्वास पुरला नसता, म्हणून ती गप्पच बाहेर पडली.

पुढचे दिवस तिने पट्टी बांधली. बाया तिच्याशी नेहमीसारख्या बोलत, तेच तिला सोसत नव्हतं. संजीवनीने एकदा विचारलं की दवाखान्यात जाऊन यायचं का, मी येते सोबत. जयमाला म्हणाली की म्हातारपणाला काय दवा असते. ती तेव्हा सेहेचाळीसची होती.

मग ती सकाळ आली. शेजारच्या वावरात तुरीचं मळणीयंत्र लागलं आणि वारा नेमका नर्सरीकडे वाहणारा. भुसकटाचा पिवळा धूर वाफ्यांवर उतरला. जयमालाने पदर नाकाला लावला, कमरेच्या पिशवीतून गोळी काढून कोरडीच गिळली. थोड्या वेळाने अजून एक. छाती उघडेना. ती उठून टाकीकडे निघाली आणि अर्ध्यात बसली. संजीवनी धावत पोचली तेव्हा जयमालाच्या तोंडातून एक अख्खा शब्द निघत नव्हता. ओठ काळसर पडले होते, आणि मान व खांदे श्वासागणिक वर उचलले जात होते. सगळे गोळा झाले. रामरावांनी रोपांची गाडी रिकामी करायला लावली. भागवतभाऊंनी तिला दोन्ही हातांवर उचलून गाडीत ठेवलं, आणि चिखलीपर्यंत तिला टेकवून बसवलं, कारण आडवं केलं की तिचा जीव आणखी घुसमटे.

दवाखान्यात तिच्या तोंडाला मास्क लावला. औषधाची वाफ आत जायला लागली. शिट्टी आधी मोठी झाली, मग हळूहळू विरत गेली. सलाईन, एक सुई, पुन्हा वाफ. दुपारपर्यंत ती टेकून बसून बोलू लागली. तिच्या डॉक्टर होत्या अनुपमा मॅडम, खामगावकडच्या, वयाने लहान. त्यांनी नाडी धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. मग तिचे हात समोर धरायला सांगितले. हात थरथरत होते. जयमालाने मान फिरवली.

मॅडमनी विचारलं, कोणत्या गोळ्या घेता, किती घेता. गोपाल तोवर पोचला होता. त्याने खिशातून रिकामी पट्टी काढून दाखवली. जयमालाने किती ते खरं सांगितलं, आणि गोपाल तिच्याकडे पाहतच राहिला.

"ताई, हा हात या गोळ्यांनी कापतोय," मॅडम म्हणाल्या. "नाडीही त्यांनीच पळतेय. झोप येत नसेल. पायात गोळे येतात का?"

जयमालाने मान हलवली. मग म्हणाली, "म्हंजे हा कंपवात नाई?"

"कंपवात? कोण म्हणालं?"

"कोणी नाई. मीच."

"कंपवात नाहीये. गोळ्या बंद केल्या की दोन-तीन दिवसांत थांबेल."

जयमालाने दोन्ही हात वर घेतले. उलटे केले, सुलटे केले. मग ते मांडीवर ठेवून ती रडायला लागली, आवाज न करता, नुसतं पाणी. गोपालला वाटलं पुन्हा धाप लागली. मॅडमनाही उमगेना. दम्याचा एवढा मोठा झटका येऊन गेला, त्याबद्दल बाईने चकार शब्द काढला नव्हता आणि हाताचं ऐकून रडत होती. दाराशी उभे असलेले भागवतभाऊ मात्र समजले. ते तिथून निघून बाहेर बाकावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला नीट समजावून सांगितलं. श्वासाच्या नळ्या असतात. दम्यात दोन गोष्टी होतात. नळीभोवतीचे स्नायू आवळले जातात, आणि नळीला आतून सूज येते. गोळीतलं औषध आवळलेले स्नायू सोडवतं. पण गोळी पोटात जाते, तिथून रक्तात, आणि रक्तातून सगळीकडे. जे औषध छातीला हवं ते हातालाही पोचतं आणि काळजालाही. हात कापतो, काळीज धडधडतं. पंपात तेच औषध अगदी थोडं असतं आणि ते सरळ नळीत उतरतं.

जयमाला ऐकत होती. "गोळी म्हंजे मोकाट पाणी," ती म्हणाली. "साऱ्या वावरात सुटलं. आन् पंप म्हंजे ठिबक."

मॅडम हसल्या. म्हणाल्या, अगदी तसंच.

पण खरं काम दुसऱ्या पंपाचं, असं त्यांनी सांगितलं. निळा पंप फक्त आवळलेली नळी सोडवतो. आतली सूज तशीच राहते, म्हणून झटका परत येतो. इतकी वर्षं तुम्ही नुसती नळी सोडवत आलात, सुजेला कोणी हातच लावला नाही. सूज उतरवायला हा तपकिरी पंप. तो रोज घ्यायचा, सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरी. त्याने लगेच काही कळणार नाही, दोन-तीन आठवडे लागतात, आणि काही कळत नाही म्हणून सोडायचा नाही. घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकायचं. नाही तर तोंडात पांढरे चट्टे येतात, आवाज बसतो. निळा जवळ ठेवायचा आणि लागेल तेव्हाच वापरायचा. तो वारंवार लागायला लागला तर थांबून न राहता इथे यायचं.

जयमालाने एकच विचारलं. "निळ्या पंपानं हात हालते का?"

मॅडम खोटं बोलल्या नाहीत. काहींचा थोडा हलतो, असं म्हणाल्या. थोडा वेळ. मग थांबतो.

घरी जाऊबाई आधीच येऊन बसल्या होत्या. पंप पाहून त्यांनी तोंडाला पदर लावला. गोपालही रात्री जेवताना अडखळत म्हणाला की लोक म्हणतात पंप सुटत नाही, आणि गावात कळलं तर बरं दिसत नाही, घ्यायचा तर आतल्या खोलीत घे.

"तुमाले चष्मा लागला," जयमाला म्हणाली, "तो तुमी आतल्या खोलीत बसून घालता का?"

गोपालने जेवता जेवता चष्मा वर सरकवला आणि पुढचा घास मोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःच पाण्याचा तांब्या भरून तिच्यासमोर ठेवला, चूळ भरायला.

तिसऱ्या दिवशी तिने चहा केला आणि कपबशी उचलली. वाजली नाही. तिने ती खाली ठेवली, परत उचलली. मग परसात जाऊन लिंबाची एक फांदी तोडली आणि स्वयंपाकघराच्या विळीवर एक डोळा उचलून पाहिला. त्याची आतली बाजू उजेडात धरली. ओरखडा नव्हता.

ती नर्सरीत गेली ती थेट शेडमध्ये. रामराव आणि भागवतभाऊ दोघंही होते. तिने बसायला सांगायची वाट पाहिली नाही. मला दमा आहे, तिने सांगितलं, पुष्कळ वर्षांपासून आहे. मी चुकीची गोळी चुकीच्या मापाने खात होते, त्याने हात कापत होता. आता पंप आहे. हा निळा, हा दुसरा. तिने दोन्ही टेबलावर ठेवले. मग म्हणाली की मला एक रांग द्या, आणि बायांना त्यांच्या रांगा परत द्या, कारण माझ्या गोळीशी त्यांच्या हाताचा काही संबंध नाही.

रामरावांना अवघड झालं. हंगाम सरत आला होता. ते म्हणाले की तू आजारातून उठलीस, यंदा आराम कर, पुढच्या वर्षी पाहता येईल.

"मले सांगायचं होतं ना दम्याचं," भागवतभाऊ मध्येच म्हणाले. "इतके वर्ष माह्या मागं काड्या घेऊन फिरली तू."

"सांगतलं असतं तर पातं देलं असतं का, भाऊ?"

भागवतभाऊंनी विचार केला. "नसतं देलं," ते म्हणाले. मग रामरावांकडे वळून म्हणाले, "तिले रांग द्या. बायायलेबी द्या. हात मी पाहतो."

ते खरोखर पाहत राहिले. पहिला आठवडा जयमालाच्या रांगेतून ते हललेच नाहीत. ती एका दिवसात पूर्वी भरायची त्याच्या निम्मे डोळे भरी, थांबत थांबत. तपकिरी पंपाचा फरक पडायला वेळ लागला, मॅडम म्हणाल्या होत्या तसाच. तोवर कधी सकाळी निळा घ्यावा लागे. एकदा चूळ भरायचा कंटाळा करत राहिली तर आवाज बसला आणि जिभेवर पांढरं आलं. ओव्या म्हणायचा तिचा गळा होता, बाया तिच्या सुरावर काम करत. ते काही दिवस नर्सरी मुकी झाली. दवाखान्यात जाऊन तिने औषध आणलं, आणि पुन्हा चूळ चुकवली नाही. आवाज परतला, पण पूर्वीची वरची पट्टी काही तिला परत लागली नाही. वरचा सूर आता संजीवनी धरते.

त्या वर्षी बायांच्या रांगांच्या पट्ट्या शेवटी सुटल्या, फेब्रुवारी सरताना. भागवतभाऊ स्वतः सोडायला बसले होते. संजीवनीची रांग हिरवी, दुसऱ्या बायांच्या रांगा हिरव्या. जयमालाच्या रांगेत सुरुवातीची काही रोपं गेली होती, गोळ्यांच्या दिवसांतली. त्यापुढे मात्र एका मागोमाग एक डोळा फुगून, चकाकून वर आलेला. भागवतभाऊंनी मेलेली रोपं उपटून बाजूला ठेवली आणि रामरावांना म्हणाले की पुढच्या हंगामाला बाहेरगावाहून कोणी बोलवायची गरज नाही.

पुढच्या हंगामात रामरावांकडे मेहकरकडचे शेतकरी आले, दोन गाड्या भरून. त्यांना बाग लावायची होती, आणि कलम कसं होतं ते डोळ्यांनी पाहायचं होतं. रामरावांनी भागवतभाऊंना डोळा भरून दाखवायला सांगितलं. भागवतभाऊ म्हणाले की माझी नजर आता बारीक कामाला पुरत नाही, जयमाला दाखवेल. माणसं वाफ्याभोवती गोलाकार उभी राहिली. त्यातल्या एका-दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, बाई दाखवणार म्हणून.

शेजारच्या वावरात मळणी सुरू होती. गाड्यांनी रस्त्याची धूळ उडवली होती. वर्षभर जयमालाला निळा पंप क्वचितच लागला होता, पण त्या सकाळी रांगेत येऊन बसताच छातीत ती ओळखीची ओढ सुरू झाली. रामरावांना तिच्या चेहऱ्यावरून कळलं. ते तिच्या कानाशी वाकून म्हणाले की टाकीमागे जाऊन घेऊन ये, तोवर मी यांना खताचं सांगतो.

जयमाला उठली नाही. तिने कमरेच्या पिशवीतून पंप काढला, तिथेच बसल्या जागी श्वास पूर्ण बाहेर सोडला, पंप तोंडात धरून दाबला आणि हळूहळू आत ओढला. श्वास धरून ठेवला. सगळे पाहत होते. मग तिने तो सोडला, थोडं थांबून पुन्हा एकदा तसंच केलं, पंपाला टोपण लावलं आणि तो पिशवीत ठेवला.

"थोडं थांबा," ती त्या माणसांना म्हणाली. "ही दम्याची दवा हाय. घेतली का हात जराक हालते. हालत्या हातानं मी पातं लावत नाई."

मागून कोणीतरी विचारलं, किती वेळ.

"ते ती सांगन," भागवतभाऊ म्हणाले.

माणसं उभी राहिली. एकाने वाजणारा फोन काढून बंद केला. एकाने, त्याच्या सावलीत तिची रांग येत होती म्हणून, दोन पावलं बाजूला होऊन तिच्यावर ऊन येऊ दिलं. पलीकडे बायांनी आपापली पाती खाली ठेवली होती. मळणीयंत्राचा आवाज येत होता, त्याखेरीज काही नाही. जयमाला मांडीवर हात ठेवून बसली होती, घाई न करता, समोरच्या कोवळ्या खोडाकडे पाहत. आणि ती सगळी माणसं, पांढऱ्या टोप्यांची, चष्म्यांची, ऊन वाढत असताना तिचा हात थांबायची वाट पाहत उभी होती.